औषधाचा खर्च पाचोऱ्याहून मोजताना

हिवरा नदीकाठच्या पाचोऱ्यात बाहेरगावाहून आलेल्या डॉक्टरांपुढे, शिक्षकांपुढे आणि पालकांपुढे मी स्वागत समितीच्या वतीने बोलतो आहे.

मी औषधविक्रेता आहे. एडीएचडी (अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता) असलेल्या मुलाला मेथिलफेनिडेट लिहून दिले की पालकांची धावपळ सुरू होते. हे औषध शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतले. दुकानाला वेगळा परवाना हवा, साठा कुलपात हवा, चिठ्ठी दोन प्रतींत हवी आणि त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षे जपायची. गैरवापराची भीती खरी आहे, त्यामुळे नियम मला मान्यच आहे. पण एवढे सांभाळून हे औषध ठेवणारे दुकान लहान गावात सहसा नसते. मग जळगाव गाठायचे. कापूस वेचणीच्या दिवसांत आईचा रोज बुडतो, पोराची शाळा बुडते. गोळ्यांच्या पाकिटावर ही रक्कम छापलेली नसते.

मुंबईत डॉ. सुनील कारंडे आणि सहकाऱ्यांनी अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांच्या कुटुंबांचा खर्च मोजून २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. थेट खर्चासोबत बुडालेली कमाई आणि मनस्तापही त्यांनी हिशेबात धरला. एडीएचडीच्या औषधांचा असाच हिशेब खानदेशात व्हावा, ही माझी तळमळ आहे.

हा खर्च सार्थकी केव्हा लागतो, हेही पाहायला हवे. एडीएचडीवरील उपचारांची तुलना करणारा, अमेरिका आणि कॅनडातल्या ५७९ मुलांचा एमटीए अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलेल्या मुलांपैकी बहुतेकांना औषध मिळतच होते. तरीही दरमहा तपासून, डोस जुळवून ज्यांना औषध दिले, ती मुले १४ महिन्यांनी जास्त सुधारली. पुढे, तीन वर्षांनी, गटांतला फरक उरला नाही, हेही पालकांना स्पष्ट सांगायला हवे. मला त्यातून एवढे दिसते की औषधाचा पैसा वसूल होतो तो पाठपुराव्यात, आणि आमच्याकडे फेरीच्या खर्चापायी नेमका तोच सुटतो.

पाठपुराव्यात पाहायचे ते हे: वजन, उंची, नाडी, रक्तदाब, भूक, झोप. यातले काय पाचोऱ्यातल्या डॉक्टरांनी तपासायचे, शिक्षकांनी काय कळवायचे आणि कोणत्या लक्षणावर मुलाला ताबडतोब तज्ज्ञांकडे धाडायचे, याचा एक पानी तक्ता आपण आज संध्याकाळपर्यंत ठरवून द्यावा, ही यजमान म्हणून माझी विनंती आहे. छपाईचा आणि तो तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत, दवाखान्यात पोहोचवण्याचा खर्च स्वागत समिती उचलेल.