माझे आवडते पहिलवान



'माझे आवडते पहिलवान' हा आजचा विषय मोठा सोपा वाटतो. पण बोदवड स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर हा प्रश्न एकदा टाकून पाहा! मलकापूरकडे जाणारी गाडी निघून जाईल, चहा निवेल, पण वाद मिटणार नाही. कोणी हिंदकेसरींची नावे घेईल, कोणी सतपालचे घेईल, कोणी आपल्या आजोबांनी पाहिलेल्या आणि दुसऱ्या कोणीच न पाहिलेल्या पहिलवानाची गोष्ट सांगेल. त्या पहिलवानाचा खुराक तर दर वर्षी शेरभर वाढत असतो.

मीही अशा वादांत पुष्कळ बसलो आहे, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपल्या बोलण्यात येणारे बहुतेक सगळे पहिलवान वजनदार असतात. छाती एवढी, मांडी तेवढी, दारातून आत यायला आडवे व्हावे लागे, अशी आपली स्तुती. हलक्या अंगाच्या मल्लाचे नाव सहसा निघत नाही. असे का व्हावे? कारण आपल्या दंगलीतच आहे. यात्रेची दंगल दुपारी सुरू होते. आधी पोरांच्या कुस्त्या, रेवड्यांवर किंवा खोबऱ्याच्या वाटीवर. मग पाच-दहा रुपयांच्या, मग भांड्यावरच्या. ऊन उतरले की गर्दी जमते, डफ जोरात वाजू लागतो, फेटे बांधले जातात, आणि शेवटची मानाची जोड सुटते. ती जोड भारी वजनाची असते. इनाम तिला, हार तिला, दुसऱ्या दिवशी गावात चर्चाही तिचीच. दुपारी तीन वाजता पन्नास-पंचावन्न किलोच्या पोराने मारलेली देखणी ढाक पाहायला पंच आणि त्या पोराचा बाप, एवढेच असतात.

आता माझी यादी सांगतो. तीत भारी मंडळी नाहीत असे मुळीच नाही. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे, १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगाला हरवून पहिले हिंदकेसरी झाले. त्यांना वगळून यादी करणारा मी कोण? पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले. हे सांगली जिल्ह्यातल्या पुनवतचे. १९६२ साली जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत आंदळकरांनी ग्रीको-रोमन पद्धतीत सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवले, तर कवठेपिरानच्या मारुती मान्यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. ग्रीको-रोमन म्हणजे कमरेखाली हात लावायचा नाही, पायाचा डाव टाकायचा नाही. लाल मातीत पट काढण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी त्या परक्या नियमांत जाऊन पदके आणली, याचे मला अजून नवल वाटते.

पण त्याच जकार्त्यात मालवा नावाच्या एका भारतीय मल्लाने बावन्न किलोच्या गटात सुवर्णपदक मिळवले होते. हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? खरे सांगायचे तर माझ्याही कानावर ते फार उशिरा आले.

खानदेशातल्या माणसाने यादी करायची आणि विजय चौधरीला वगळायचे, हे तर होणे नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा हा गडी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी तीन वर्षे लागोपाठ महाराष्ट्र केसरी झाला. शेवटच्या वर्षी त्याने अभिजीत कटकेला हरवले. १९६१ पासून चालत आलेल्या या स्पर्धेची गदा खानदेशात एकदा आली तरी आपण गुलाल उधळला असता. ती तीनदा आली. कोल्हापूर-सांगलीकडे जशी गल्लोगल्ली तालीम, तशी आपल्याकडे नाही. म्हणून या तीन गदांचे मोल मला जास्त वाटते. त्यानंतर आपल्या भागातल्या कितीतरी बापांनी पोरांना लंगोट घेऊन दिला. शासनाने त्याला पोलीस उपअधीक्षक नेमले, तेव्हा तर मास्तर लोकही कुस्तीविषयी जरा आदराने बोलू लागले!

मात्र महाराष्ट्र केसरीची गदा ज्या गटात मिळते तो गट शहाऐंशी किलोपासून पुढचा. त्याच स्पर्धेत सत्तावन्न किलोपासून वरचे वेगवेगळे वजनगट खेळले जातात, त्यांनाही सुवर्णपदके मिळतात. पण गदा नाही, हत्तीवरून मिरवणूक नाही. सत्तावन्न किलोतला विजेता कोण, हे पेपरातल्या शेवटच्या ओळीत शोधावे लागते.

आणि हे सत्तावन्न किलो वजन लक्षात ठेवा, मंडळी. डीएपी खताची गोणी पन्नास किलोची असते. तिच्यावर सात किलो ठेवा, एवढाच माणूस. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये याच वजनात उतरले होते.

माझ्या यादीत पहिले नाव त्यांचे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस, जन्म १५ जानेवारी १९२६चा. बाप पहिलवान, घरात मातीचे वेड. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडन ऑलिंपिकला गेले. तोवर सगळा सराव मातीवरचा. तिथे गादीवर पाय ठरेना, नियम नवे, तरी बावन्न किलोत सहावे आले. आपण असतो तर सहाव्या नंबरावर समाधान मानून सत्कार घेतले असते. हे गृहस्थ परत येऊन आणखी चार वर्षे घाम गाळत राहिले.

१९५२ साली पुन्हा जायचे तर आधी निवडीसाठीच भांडावे लागले. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागून त्यांनी पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ती जिंकली. मग पैशाचा प्रश्न. गावाने वर्गणी काढली. ती पुरेना, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. शिक्षकबंधूंनो, माझ्या बोलण्यातला एवढा भाग तुम्ही घरी जाऊन पुन्हा आठवून पाहावा. विद्यार्थी स्वतःचा मुलगा नाही, कुस्ती हा विषय परीक्षेचा नाही, आणि प्राचार्य घराचे कागद सावकारापुढे ठेवतो आहे.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवले. जपानच्या इशीबरोबर हार झाली. सुवर्ण शेवटी त्यालाच मिळाले. त्या दमवणाऱ्या कुस्तीपाठोपाठ त्यांना लगेच रशियन मल्लासमोर उभे केले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची असा नियम होता, पण तो सांगून भांडायला आपल्याकडचा कोणी अधिकारी जागेवर नव्हता, असे सांगतात. एकटा माणूस, परकी भाषा, अंगात त्राण नाही. ती कुस्ती गेली आणि कांस्यपदक हाती आले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधले ते पहिले वैयक्तिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले.

गावी परतल्यावर एकशे एक्कावन्न बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पंधरा मिनिटांच्या वाटेला सात तास लागले म्हणतात. पण मला मिरवणुकीपेक्षा नंतरची गोष्ट आवडते. या माणसाने कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले, आणि आलेल्या पैशांतून खर्डेकरांचे गहाण घर सोडवून दिले. पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले, १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आता त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. उशिरा का होईना, पण पाळतात.

यादीत आणखी एक जोडी आहे, गुरुशिष्यांची. हरिश्चंद्र बिराजदार, लातूरकडचे, भारी वजनाचे, खुद्द सतपालला मात देणारे. पुढे पुण्यात ते वस्ताद झाले आणि त्यांच्या हाताखाली बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा एक हलका पोरगा आला, राहुल आवारे. दांडग्या वस्तादाने या पोराला 'आधी वजन वाढव' म्हणून माघारी धाडले नाही. २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलने सुवर्णपदक जिंकले. गट कोणता? सत्तावन्न किलो. २०२४ साली पॅरिसला हरियाणाच्या अमन सेहरावतने कांस्य मिळवले, तेही सत्तावन्न किलोतच. आणि त्याच पॅरिसला विनेश फोगाट शंभर ग्रॅम वजन जास्त भरले म्हणून अंतिम कुस्तीला मुकली. बाहेरच्या जगात कुस्ती ग्रॅमवर चालते. आपल्याकडे अजून नजरेच्या अंदाजावर जोड लागते. 'दोघे सारखेच दिसतात, लाव हातात हात!'

मुलींचे म्हणाल तर २०२३ साली महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीची प्रतीक्षा बागडी. आमच्याकडच्या दंगलीत पोरींची जोड अजून क्वचितच दिसते. दिसली की म्हातारी माणसे आधी कुरकुरतात आणि मग सगळ्यांत पुढे येऊन बसतात.

आता यात्रा कमिटीतल्या मंडळींना एक सांगणे आहे. दंगलीच्या दिवशी मैदानाच्या कडेला एक वजनकाटा ठेवा. कापसाचा चालेल, किराणा दुकानातला चालेल. शाळेत पोरांची वजने दर वर्षी वहीत लिहितातच; ती वही गुरुजींनी सोबत आणली तर जोड लावायला अर्धे काम होईल. आणि भांड्यांपैकी एक चांगली पितळी कळशी साठ किलोच्या आतल्या सर्वांत सफाईदार कुस्तीसाठी वेगळी काढा. शेवटच्या जोडीच्या इनामातून हजार रुपये कमी झाले तर भारी पहिलवान रागावणार नाहीत. तेही कधी काळी हलकेच होते.

मी स्वतः यंदा दुपारी दोनलाच मैदानावर जाऊन बसणार आहे, डोक्याला उपरणे बांधून. शेजारी जागा आहे. रामराम.