कर्जाच्या अर्जाआधी हिशेबाची वही
(मंडळाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. कर्ज मंजूर करण्याचा अधिकार आमचा नाही. पण अर्ज प्रथम आमच्याच टेबलावर येतो. म्हणून चार गोष्टी सांगतो.

आपल्या भगिनींच्या अर्जाला जोडलेला प्रकल्प अहवाल बहुधा एजंटाने केलेला असतो. तीच यंत्रे, तोच नफा, फक्त नाव बदललेले. साहेबांनी "महिन्याला किती नग विकाल?" असे विचारले की बाई गप्प बसतात आणि अर्ज तिथेच अडतो. डावलणारे नाहीतच, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यांच्या हाती निमित्त तरी का द्यावे?

२००८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे उदाहरण घेऊ. त्याच्या नियमांत महिला, अनुसूचित जाती व अल्पसंख्याक यांना ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, शहरात २५ टक्के अनुदान ठरले. स्वतःचा वाटा ५ टक्के. समजा, खेड्यातील एका भगिनीने गणवेश शिवण्याचा ४ लाखांचा प्रकल्प मांडला. २० हजार तिचे, ३ लाख ८० हजार बँकेचे. १ लाख ४० हजारांचे अनुदान हाती पडत नाही; ते ३ वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते, मग कर्जात वळते होते. उरले २ लाख ४० हजार. ते ५ वर्षांत फेडायचे तर मुद्दलच दरमहा ४ हजार. व्याज, भाडे, वीज यांचे आणखी ६ हजार धरा. कापड, दोरा, मजुरी वजा जाता गणवेशामागे ४० रुपये सुटत असतील, तर महिन्याला २५० गणवेश खपले तेव्हा कुठे बरोबरी. घरखर्चाचा रुपया त्यानंतरचा. शिवाय गणवेशाची मागणी जूनच्या सुमारास. दिवाळीनंतर काय शिवणार? याचे उत्तर अहवालात हवे.

लघुउद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये दिली. २००० साली स्थापन झालेला पतहमी न्यासही आहे. पण ती हमी बँकेला असते. कर्जदाराला माफी नसते. बाईच्या नावावर कर्ज आणि व्यवहार दुसऱ्याच्या हाती, असे झाले तर हप्ता थकल्यावर नोटीस तिच्याच नावे येते.

दाखल्यांचेही तसेच. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती लागू झाल्या. १९९३ पासून बौद्ध हे अल्पसंख्याक म्हणूनही अधिसूचित आहेत. दाखला आधी काढून ठेवावा, चालू नियम बँकेत विचारून घ्यावेत.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला बेरीज-वजाबाकी येते. वस्तीतील एकेका ताईजवळ, मावशीजवळ बसा. ती सांगेल, तुम्ही लिहा. आकडे मात्र तिच्या तोंडचेच असू द्या. साहेबांसमोर तिलाच बोलायचे आहे.

जय भीम!