बिनतारी संच आणि आपला सूचनाफलक

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



माझी नोकरी पोलिसांच्या बिनतारी विभागात झाली. म्हणून आजही कोणी विचारतंच, "भाऊ, पोलीस वॉकीटॉकीवर काय बोलून राहिले, ते आपल्याले काहून ऐकू येत नाही?"

अमेरिकेत बऱ्याच शहरांत लोक स्कॅनरवर पोलिसांचं बोलणं ऐकत आले. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ पासून ते कुलूपबंद करायला घेतलं, तेव्हा तिथल्या पत्रकारांनी हरकत घेतली. आपल्याकडे मात्र १९३३ च्या कायद्यानंच परवान्याविना बिनतारी संच बाळगायला मनाई केली होती.

मला हे पटतं. त्या संचावरून गस्तीच्या गाडीचा ठावठिकाणा जातो, तसा तक्रार करणाऱ्या बाईच्या घरचा पत्ताही जातो. तो साऱ्या गावानं ऐकावा काय?

पण नोव्हेंबर २०२१ आठवा. अमरावतीत संचारबंदी, इंटरनेट बंद. मे २०२३ मध्ये अकोल्यातही तेच. खरी बातमी मिळत नाही तेव्हा अफवेले पाय फुटतात. आपल्या जिन्यातच तासाभरात तीन गोष्टी फिरल्या, तिन्ही खोट्या! तेव्हा सचिवांनी ठाण्यात फोन लावला, समजलं तेवढंच खडूनं फलकावर लिहिलं, खाली वेळ टाकली. लोक शांत झाले.

पोलिसांनी संच खुशाल बंद ठेवावा, पण अशा वेळी खरं काय ते लवकर सांगावं. आणि आपण? गरज पडली तर ११२ लावावा, अन् पाहिलं तेवढंच सांगावं. ऐकलेलं नाही.

तो फलक पुसू नका, बाप्पा.