भव्य क्रीडांगण आणि एक रुपया



दिल्लीचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी उभारले गेले. १९ नोव्हेंबरला तेथे उद्घाटन होऊन राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा जयघोष झाला. ही प्रतिष्ठा कोणाच्या खर्चाने विकत घेतली गेली, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

या स्पर्धांच्या बांधकामांवर ठेकेदारांचे जमादार देशाच्या निरनिराळ्या भागांतून मजूर आणीत. किमान वेतन दिवसाला ९.२५ रुपये होते. त्यातला एक रुपया जमादार कापून घेई. स्त्रियांच्या हाती तर सातच रुपये पडत. 'पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स' या संघटनेने हे सर्वोच्च न्यायालयापुढे पत्राद्वारे मांडले. १८ सप्टेंबर १९८२ रोजी न्या. भगवती व न्या. इस्लाम यांनी निर्णय दिला की, किमान वेतनाहून कमी दराने करून घेतलेले काम ही घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध मानलेली वेठबिगारच होय. दारिद्र्याची सक्ती हीही सक्तीच आहे, आणि ठेकेदाराकडे बोट दाखवून सरकारला आपली जबाबदारी झटकता येणार नाही.

२०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी हेच स्टेडियम नव्याने सजले, तेव्हा त्या बांधकामांवरील मजुरांसाठी त्याच संघटनेला पुन्हा न्यायालयात जावे लागले. याचा अर्थ उघड आहे. निकाल ग्रंथात राहतो. त्याला बांधकामाच्या फाटकापर्यंत नेण्याचे काम संघटित कामगारच करू शकतो. म्हणून आपल्या शहरात एखाद्या भव्य क्रीडांगणाची घोषणा झाली, तर कार्यकर्त्यांनी नकाशाआधी मजुरांचा हजेरीपट मागावा.