शफल बंद करून ऐका : २०२४ मधले माझे पाच अल्बम

मुंबईतल्या एका रेकॉर्डच्या दुकानात मी काउंटरवर असते. त्यामुळे वर्ष संपलं की सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘यंदाचे टॉप फाइव्ह सांग ना!’ तर आज २०२४ मधल्या माझ्या पाच आवडत्या अल्बमबद्दल बोलू.

आधी एक स्पष्ट सांगते. बाहेरून येणारी नवी रेकॉर्ड आपल्याकडे सहज तीन-चार हजारांना पडते. नुकतीच नोकरी लागलेल्याला हे पैसे जड जातात. म्हणून विकत घ्यायच्या आधी फोनवर ऐका. फक्त शफल बंद करा आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐका. माझी कसोटीही तीच आहे. क्रमानं ऐकल्यावर काहीतरी जास्तीचं हाती लागलं, तरच तो अल्बम माझ्या यादीत येतो.

पहिला, बिली आयलिशचा ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’. दहा गाणी, पाऊण तासाच्या आत संपतात. आधी एकही सिंगल सोडलं नव्हतं, कारण तिला अख्खा अल्बम एकदमच ऐकवायचा होता. ‘बर्ड्स ऑफ अ फेदर’ तुम्ही रील्सवर शंभरदा ऐकलं असेल. अल्बममध्ये ते चौथं येतं, ‘चिहिरो’च्या अंधारानंतर, आणि तिथं ते खिडकी उघडल्यासारखं वाटतं. ‘लामूर द मा व्ही’ तर मधेच कूस बदलतं. सुरुवात संथ, जॅझच्या अंगानं, आणि शेवट थेट डान्स फ्लोअरवर. तीस सेकंदांच्या तुकड्यात हे कसं कळणार?

दुसरा, द क्युअरचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’. सोळा वर्षांनी आलेला त्यांचा नवा अल्बम, आठच गाणी. ‘अलोन’ या पहिल्या गाण्यात रॉबर्ट स्मिथचा आवाज येईपर्यंत तीन मिनिटं उलटून जातात. शेवटचं ‘एंडसाँग’ दहा मिनिटांचं, आणि त्यातही निम्म्याहून जास्त वेळ नुसती वाद्यंच. स्किप करायला बोट शिवशिवतं, मान्य आहे. पण बघा, घरात कुणी गेलं की भेटायला आलेली माणसं लगेच बोलायला लागत नाहीत. आधी थोडा वेळ नुसती बसून राहतात. ती तीन मिनिटं तशी आहेत. पुढे एक गाणं स्मिथनं आपल्या गेलेल्या मोठ्या भावासाठी लिहिलंय. आधी तसं बसलं असाल, तरच ते पोचतं.

तिसरा, ए. आर. रहमान आणि इर्शाद कामिल यांचा ‘अमर सिंह चमकीला’. चमकीला हा खराखुरा पंजाबी गायक. ८ मार्च १९८८ ला, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी त्याला गोळ्या घालून मारलं. सिनेमात त्याची मूळ गाणी दिलजीत दोसांझ आणि परिणीती चोप्रा यांनी शूटिंगच्या वेळीच लाइव्ह गायली. रहमानची सहा गाणी मात्र चमकीलाची नक्कल करत नाहीत, त्याच्याशी बोलतात. चमकीलाच्या गाण्यांवर अश्लीलतेचा आरोप होता ना? मग ‘नरम कालजा’ ऐका. तिथं बायका स्वतःच आपल्या इच्छेबद्दल बेधडक गातात. त्यानंतर ‘विदा करो’ ऐकाल, तेव्हा हा निरोप नेमका कुणाला दिला जातोय आणि का, हे आपोआप कळेल.

चौथा, अरूज आफताबचा ‘नाइट रेन’. लाहोरमध्ये वाढलेली, न्यूयॉर्कमध्ये राहणारी ही गायिका. यात ‘रात की रानी’ आहे, म्हणजे आपली रातराणीच! पण मला जास्त आवडतात ‘ना गुल’ आणि ‘साक़ी’. दोन्हींचे शब्द माह लका बाई चंदा यांचे. या अठराव्या शतकातल्या, हैदराबादच्या निजामाच्या दरबारातल्या कवयित्री. आपला मराठवाडाही तेव्हा त्याच राज्यात होता. म्हणजे शब्द आपल्या शेजारचे, आणि ‘साक़ी’मध्ये सोबत विजय अय्यरचा पियानो. उर्दू सगळी कळत नसली तरी चालेल. दिवे घालवा आणि ऐका.

पाचवा विकायला माझ्याकडे वर्षभर काहीच नव्हतं! सिंडी ली या नावानं गाणारे कॅनडाचे पॅट्रिक फ्लेगेल यांचा ‘डायमंड ज्युबिली’. बत्तीस गाणी, दोन तास. मार्चमध्ये आला तेव्हा स्पॉटिफायवर नव्हता. एका जुनाट दिसणाऱ्या वेबसाइटवरून डाउनलोड करा, नाहीतर यूट्यूबवर सलग दोन तासांचा एकच व्हिडिओ. ऐकताना वाटतं, शेजारच्या घरात साठच्या दशकातला रेडिओ लागलाय आणि स्टेशन नीट पकडत नाहीये. कुठल्याही प्लेलिस्टच्या मदतीशिवाय हा अल्बम एकानं दुसऱ्याला सांगत सांगत पसरला. अल्बम संपले म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते. लोकांकडे वेळ नाही असं नाही. हा वेळ फुकट जाणार नाही एवढं कुणीतरी विश्वासानं सांगावं लागतं, बस्स.

तर या आठवड्यात पाचातला कुठलाही एकच निवडा. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाका, लोकलमध्ये किंवा झोपण्यापूर्वी पूर्ण ऐका. नाही आवडला तर तीन-चार हजार वाचले. आवडला तर दुकानात या, दुसरी बाजू लावून तयार ठेवते. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!