हँडल कोणाच्या हातात?

(जळगावच्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



तुम्ही मला कविता म्हणायला बोलावलं. मी सिनेमावर बोलणार आहे. तोही मुक्या, फ्रेंच सिनेमावर. हसू नका. विषय आपलाच आहे.

१८९५ साली फ्रान्समधल्या लिऑन शहरात ल्युमिए बंधूंनी आपल्याच कारखान्याच्या गेटासमोर कॅमेरा लावला. बाया-माणसं बाहेर पडली. मागनं सायकली, एक कुत्रं. मिनिटभराचंसुद्धा चित्र नाही. २८ डिसेंबरला पॅरिसच्या ग्रँड कॅफेत पैसे घेऊन तो खेळ दाखवला. म्हणजे सिनेमानं पहिल्यांदा तोंड पाहिलं ते कामगाराचं!

मी गोदीत वजनं उचलतो. पाळी सुटली की आम्हीही गेटातून बाहेर पडतो, अंगझडती देऊन. म्हणून ती फिल्म बघताना मला एकच प्रश्न पडला. त्या बायांची नावं कुठायत? इतिहासात नाव मालकाचं. गेट त्याचं, कॅमेरा त्याचा, हँडलही त्याचंच.

त्यांची दुसरी फिल्म भिंत पाडण्याची. मजूर पाडतात, मालकातला थोरला भाऊ ऑगस्त उभा राहून हुकूम सोडतो. भिंत कोसळते, धुरळा उडतो. मग खेळवाल्यानं रीळ उलटं फिरवलं. धुरळा बसला, भिंत पुन्हा उभी! ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हे खेळ आले. तिकीट एक रुपया. माझ्या खापरपणज्याच्या कनवटीला रुपया कुठला?

१९१३ साली फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' आणला. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. राजाला डोंबाघरी राबावं लागलं म्हणून लोक रडतात. डोंब पिढ्यान्‌पिढ्या मसणात राबला, त्याच्यासाठी कोण रडलं?

१९५० साली घटना लागू झाली. सतराव्या कलमानं अस्पृश्यतेची भिंत पाडली. आणि २०१८ साली ह्याच जिल्ह्यात, जामनेर तालुक्यात, विहिरीत पोहले म्हणून मातंगांच्या पोरांना नागडं करून मारलं. वर मोबाईलवर त्याचं चित्रण. ते देशभर फिरलं. रीळ उलटं फिरलं, मित्रांनो! भिंत पुन्हा उभी.

२०१३ साली नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त जब्यानं दगड भिरकावला, तो थेट आपल्याकडे बघणाऱ्या कॅमेऱ्यावर. शंभरावर वर्षं नुसतं बघत बसलेल्या डोळ्यावर! पण दगडानंतर काय? दगड मारून कॅमेरा फुटेल, आपला होणार नाही. तो हातात घ्यावा लागतो. आज तो तुमच्या खिशात आहे. रील काढून नाचता, नाचा. पण एकदा गावकुसाबाहेर उभे राहा. गटारात उतरणाऱ्या बापाचं, मोळी वाहणाऱ्या मायचं चित्र घ्या, आणि त्याखाली त्यांचं नाव लिहा. पूर्ण नाव.

भिंत पाडणारे हात आपलेच होते. हँडलही आपल्याच हातात पाहिजे. नाहीतर पाडलेली भिंत ते रोज उभी करतील, आणि आपण तिकीट काढून बघत बसू.

जय भीम.