थकबाकी मालकाची, मग वॉल कुणाचा बंद करायचा?

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज थोडा कमी करा, कारण आज मध्येच माझा सूर चढणार आहे. विषयच तसा आहे. सोसायटी.

सोसायटीवरचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यात क्लबहाऊस असतं, गेटवर ॲप असतं, पाच लिफ्ट असतात. आमच्या धाटावला यातलं काहीच नाही. रोह्याच्या शेजारचं गाव, कुंडलिकेचा काठ, समोर एमआयडीसी. माझी बिल्डिंग चार मजली, 24 फ्लॅट, लिफ्ट नाही, वॉचमन नाही. घरपट्टी ग्रामपंचायतीत भरायची. आणि सेक्रेटरी मी, कारण मीटिंगमध्ये सगळ्यात लहान मीच होते आणि "ताईला कॉम्प्युटर येतो" असं एकमत झालं. या एकाच विषयावर आमच्याकडे एकमत झालंय, हे आधीच सांगून ठेवते.

24 पैकी निम्म्या फ्लॅटमध्ये मालक राहतात. काही फ्लॅट बंद आहेत, मालक मुंबईला किंवा ठाण्याला, गणपतीत येतात, खिडक्या उघडतात, जातात. उरलेले भाड्याने. भाडेकरू म्हणजे बहुतेक कंपन्यांमध्ये कंत्राटावर काम करणारी पोरं. एका फ्लॅटमध्ये चार-पाच जण, कुणी फर्स्ट शिफ्टला, कुणी सेकंडला, कुणी नाइटला.

गेल्या उन्हाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या अशाच एका फ्लॅटवरून भडका उडाला. तक्रारी तीन. रात्री साडेअकराला जिन्यात बुटांचा आवाज येतो. चपला पॅसेजमध्ये पडलेल्या असतात. आणि तिसरी, खरी तक्रार: पाणी संपतं. त्यात कळलं की त्या फ्लॅटचा मेंटेनन्स नऊ महिने आलेला नाही. मग काय, मीटिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले आणि म्हणाले, "वॉल बंद करा. दोन दिवसांत पैसे येतात की नाही बघा." दहा हात वर झाले.

आता जरा थांबून बघा. मेंटेनन्स थकवलाय कुणी? मालकाने. तो राहतो ठाण्यात, त्याच्या नळाला पाणी येतंय. ही पोरं त्याला दर महिन्याला भाडं देतात, मेंटेनन्स धरून. त्यांच्या करारात तसं लिहिलंय, मी कागद मागून पाहिला. म्हणजे वॉल बंद केला तर नाइट करून सकाळी घरी आलेला, अंगाला केमिकलचा वास असलेला पोरगा अंघोळीवाचून राहणार, आणि ठाण्याच्या साहेबांना काही फरक पडणार नाही. मी म्हटलं, माझ्या हाताने वॉल बंद होणार नाही, आणि तसं प्रोसिडिंग बुकात लिहा.

हे फक्त मनाला पटलं म्हणून बोलले नव्हते. मेंटेनन्स थकला म्हणून पाणी तोडायचा अधिकार उपविधी कमिटीला देतच नाहीत. वसुलीचा रस्ता वेगळा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चा, त्यात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यातलं कलम 154ब-29 लक्षात ठेवा. आधी हेच काम कलम 101 खाली चालायचं. थकबाकीदाराला रीतसर नोटीस द्यायची, खातेउतारा जोडून निबंधकांकडे अर्ज करायचा. चौकशी होऊन वसुली दाखला मिळाला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. सातबारावाल्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मी मालकाला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, महिन्यावार हिशोब जोडला, उपविधीप्रमाणे व्याज लावलं. माझ्याकडच्या पुस्तकात कमाल दरसाल 21 टक्के सरळव्याज आहे, तुमच्याकडचं तुम्ही तपासा. व्हॉट्सॲपवर फोटोही टाकला, पण त्यांच्या खासगी नंबरवर. ग्रुपवर थकबाकीदारांची यादी लावायचा मोह होतो, मला तो प्रकार आवडत नाही. माणूस पैसे भरत नाही, ग्रुप सोडतो. साहेबांचा आधी चिडून फोन आला, "दहा मिनिटांत सगळे भरतो, एवढं काय?" ती दहा मिनिटं दोन महिने चालली, पण दोन हप्त्यांत पैसे आले. निबंधकांकडे जावं लागलं नाही.

मग दुसरी मागणी आली. "बॅचलरवाल्या फ्लॅटला महिन्याला हजार रुपये जास्त लावा." हा तुमच्यापैकी कित्येकांचा अनुभव असेल, कारण तुम्हीच ते बॅचलर असता. तर ऐका. फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, आणि तेही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशापासून ही मर्यादा आहे. आमचं सेवाशुल्क 600 रुपये, म्हणजे जास्तीत जास्त 60 रुपये. हजार कुठून आणणार? ते 60 सुद्धा मालकाच्या बिलात. बंद फ्लॅटला हे शुल्क नाही, पण मेंटेनन्स पूर्ण. "आम्ही राहतच नाही, जिन्याचा दिवा आम्ही जाळत नाही" हे चालत नाही. सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना समान असतं.

आणि भाडेकरू ठेवायला मालकाला कमिटीची परवानगी लागत नाही. आदर्श उपविधीप्रमाणे त्याने आठ दिवस आधी कळवायचं, करार आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. करार नोंदणीकृत हवा. तुम्ही भाड्याने राहत असाल तर हे कागद मालकाकडून करून घ्या, नंतर सगळी बोलणी तुम्हालाच बसतात.

राहिलं पाणी. काकांचं म्हणणं, पाच माणसं तर पाच जणांचं बिल. उपविधीत पाणीपट्टी डोक्यावर नसते, फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार यावर असते. पण नियम वाचून टाकी भरत नाही ना! म्हणून मी आणि त्या पोरांपैकी एकजण, तो कंपनीत पंपावरच काम करतो, आम्ही चार दिवस टाकी बघितली. मोटार लागायची एकदाच, पहाटे साडेपाचला, ऑफिस-शाळावाल्यांच्या सोयीने. सात-साडेसातपर्यंत टाकी तळाला. नाइटवाला पोचतो पावणेआठला. त्यात बॉलकॉक खराब, भरलेली टाकी गच्चीवर वाहत होती, दिसायचं नाही कारण वर पत्र्याची शेड. बॉलकॉक बदलला, मोटार दोनदा लावायला सुरुवात केली. कॉमन मीटरचं बिल थोडं वाढलं, ते बैठकीत मांडलं, कुरकुर झाली, पास झालं.

बुटांचं म्हणाल तर पोरं आता जिन्याच्या खाली बूट काढून हातात घेऊन वर जातात. हे कुठल्या उपविधीत नाही. त्यांनी बदल्यात एकच मागितलं: दुपारी दोन ते चार ड्रिल मशीन चालवू नका, नाइटवाले झोपलेले असतात. पहिल्या मजल्यावर फर्निचरचं काम सुरू होतं, त्या काकूंनी सुताराला तसं सांगितलं. काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. मेंटेनन्स मात्र पाच तारखेच्या आत भरतात.

30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, तेव्हा हजार रुपयांचा विषय पुन्हा येणार, मला माहितीये. शासन आदेशाची झेरॉक्स फाइलला लावून ठेवलीये.

पुढच्या भागात पावसाळा: गच्चीतून गळतं तेव्हा खर्च वरच्या मजल्याचा की सगळ्यांचा. आदर्श उपविधीत उत्तर स्पष्ट आहे, सगळ्यांचा. तरी भांडण का होतं, ते बोलू. तुमच्या सोसायटीचं काही असेल तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांची. आणि बिलाचा फोटो पाठवताना नाव-नंबर झाका.